तिसऱ्या कुणग्याचं नाव

लिस्बन,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप सौ. आत्येस बायचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

कापणीच्या दिवसांत मी घरून फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "आत्ता सांगू नको, माझं सगळं लक्ष गुडघ्याकडे आहे. तिकडे पोचलीस की लिहून पाठव, म्हणजे दुपारी पडल्या पडल्या वाचीन." तर हे ते पत्र. अक्षर मोठं काढलं आहे आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहिलं आहे, मागची शाई पुढे उमटून तुला त्रास होऊ नये म्हणून. गुडघा आता किती वाकतो, जिना चढतेस का, हे मात्र मला कळव. काकांना नमस्कार सांग. तुमच्याकडे एव्हाना ऊसतोड सुरू झाली असेल.

आधी चालण्याचं सांगते, कारण त्या वाटेवरूनच मी घरी आले.

जानेवारीत बाबा गेले तेव्हा मी तेराव्याला पोचले. ते मनातून जात नव्हतं. बाबा कार्तिकीला पायी पंढरपूरला जायचे, तुला ठाऊकच आहे. आषाढीला एकदाही गेले नाहीत, कारण आषाढात त्यांचे पाय चिखलात असायचे. भात घरात आलं आणि गवत रचून झालं की मगच ते घराबाहेर पाऊल टाकायचे. त्यांच्या नावाने आपणही एकदा दूरवर चालावं असं मी मनात धरलं. हॉटेलच्या स्वयंपाकघरातलं माझं जुनं काम ऑगस्टअखेर संपत होतं आणि नवं नोव्हेंबरात सुरू व्हायचं होतं. मधले दोन महिने मोकळे होते.

इथून उत्तरेला, स्पेनमध्ये, सांतियागो म्हणून गाव आहे. येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोबाची समाधी तिथल्या मोठ्या चर्चमध्ये आहे अशी या लोकांची श्रद्धा. शेकडो वर्षं माणसं तिथे चालत जातात. लिस्बनपासून वाट साधारण ६२० किलोमीटर. मी ३० ऑगस्टला पहाटे निघाले आणि २६ सप्टेंबरला पोचले. पाठीवर सात किलोचं ओझं, त्याला बांधलेला एक शिंपला, आणि जिथे मुक्काम करू तिथला शिक्का मारून घ्यायला एक वही. रात्री झोपायला यात्रेकरूंची धर्मशाळा असते, एका खोलीत वीस-वीस जण. पायाला फोड आले, फुटले, कातडी जाड झाली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लिस्बन सुटलं की तेजो नदीच्या काठची सपाट शेती लागते. सप्टेंबर हा तिथे टोमॅटो काढायचा महिना. उघड्या ट्रकांतून नेताना वळणावर टोमॅटो सांडतात, चाकांखाली चिरडतात, आणि रस्ता लाल होतो. पहिले काही दिवस मी त्या आंबट वासातून चालले. वाट दाखवायला भिंतींवर, दगडांवर, विजेच्या खांबांवर पिवळे बाण काढलेले असतात. स्पेनच्या डोंगरातल्या एका गावच्या पाद्रीने, एलियास वालिन्या त्याचं नाव, १९८०च्या दशकात सांतियागोला फ्रान्सकडून येणारी जुनी वाट पुन्हा चालती व्हावी म्हणून असे बाण रंगवायला सुरुवात केली. तोवर बऱ्याच ठिकाणी वाट झाडोऱ्यात बुडाली होती. पावसाने, उन्हाने रंग उडतो, म्हणून त्या त्या गावचं कोणी ना कोणी तो बाण पुन्हा रंगवतं. एका ठिकाणी मी एका म्हाताऱ्याला डबा आणि ब्रश घेऊन कुंपणाच्या दगडाशी बसलेलं पाहिलं. मी "बों दीय" म्हटलं, त्याने ब्रशनेच पुढची दिशा दाखवली.

भाषेची अडचण मला आता येत नाही. जनेल (खिडकी), कदेल (खुर्ची), मेज, बाल्दी असे शब्द तर आजीच्या तोंडून ऐकूनच मी मोठी झाले. ते तिच्याकडे कुठून आले होते हे मला इथे येऊन कळलं.

पोर्तोच्या पुढे मुलूख बदलतो. आपल्यासारखीच ओली हिरवळ, लहान लहान तुकड्यांची शेती, दगडाचे गडगे. द्राक्षाचे वेल ग्रॅनाइटच्या खांबांवर चढवून मांडव केलेले, मांडवाखाली मका नाही तर कोबी. मका साठवायला दगडी पायांवर उभं केलेलं एक लांबट कोठार बहुतेक घरांपुढे असतं, त्याला एस्पिगेइरू म्हणतात. पाय आणि कोठार यांच्या मध्ये रुंद चपटा दगड बसवलेला असतो, म्हणजे उंदराला वर चढता येत नाही. आपली कणगी आणि हे कोठार शेजारी ठेवून पाहावं असं फार वाटलं.

तिथे लीमा नदीवर पोंत द लीमा गाव आहे. तुला गोष्टी आवडतात म्हणून ही सांगते. रोमन सैन्य पहिल्यांदा त्या काठाला आलं तेव्हा शिपाई पाण्यात उतरेनात. ही विस्मरणाची नदी आहे, ओलांडली की घर, गाव, नाव सगळं विसरायला होतं, असं त्यांना कोणी सांगितलं होतं. तेव्हा त्यांचा सेनापती एकटा पलीकडे गेला आणि तिथून एकेका शिपायाला नावाने हाक मारू लागला. त्याला नावं आठवताहेत हे ऐकल्यावर मग ते उतरले. नदीकाठी त्या प्रसंगाचे पुतळे उभे केले आहेत, अलीकडे सेनापती आणि पलीकडे शिपाई, की उलट, ते मी आता नीट सांगू शकणार नाही, कारण पुलावर मी दुसऱ्याच विचारात होते. चालता चालता आपल्या कुणग्यांची, भातशेताच्या त्या तीन तुकड्यांची, नावं घेऊन पाहिली. व्हडलो कुणगो. मानशीकडचो. तिसरं आठवेना. पूल संपला, चढ लागला, संध्याकाळ झाली, तरी आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. लाब्रूजाचा चढ उतरून रुबियाइंश गावाच्या अलीकडे एका घरापुढे द्राक्षं काढणं चाललं होतं. विंदिमा म्हणतात त्याला इथे. मांडव आपल्या मानशीकडच्या कुणग्याहून मोठा नसेल. पण माणसं पंधरा तरी होती. एक मुलगा पोर्तोहून आलेला, एक नात फ्रान्सहून. लहान पोरं बाल्द्या रिकाम्या करत होती. एक म्हातारी खुर्चीत बसून घडातले कुजके मणी कात्रीने काढत होती. तिने मला पाणी दिलं, घड दिला, बसवलं. कुठली म्हणून विचारलं, मी गोव्याची म्हटलं. घरी शेत आहे का? आहे, भाताचं. कापणी कधी? मी म्हटलं, ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या सुमारास. तिने कात्री थांबवली आणि विचारलं, "मग तू इथे काय करतेस?"

रागावून नाही विचारलं तिने. तिला खरंच कळेना. आत्ये, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. रात्री धर्मशाळेत, एका जुन्या शाळेच्या इमारतीत, खाटेवर पडून मी तिकीट काढलं. ठरलं होतं नाताळात यायचं.

सांतियागोला पोचले, बाबांचं नाव मनात घेऊन त्या समाधीपुढे उभी राहिले. जे व्हायचं ते तिथे झालं, ते कागदावर येत नाही.

ऑक्टोबरच्या चार तारखेला मोपाच्या विमानतळावर उतरले. तू करवंदं काढायला जायचीस तो सडा आता ओळखू येणार नाही. रात्री आपल्या शेताच्या बांधावरून बघितलं तर डोंगरामागे विमानतळाच्या दिव्यांचा उजेड दिसतो. दादाची तिकडेच नोकरी, पाळ्यांची. आठवड्याला वेळ बदलते. बाबा गेल्यावर यंदा पेरा झाला तो केवळ घरात बियाणं होतं म्हणून, आणि आये म्हणाली म्हणून.

खाजन, आपलं नदीकाठचं बांध घातलेलं शेत, कसं आहे ते तुला आधी सांगते, मग कापणीचं. नदीकडचा बांध दोन ठिकाणी खचला आहे. कुर्ल्यांनी भोकं पाडलीत आणि वर्षानुवर्षं कोणी चिखल चढवलेला नाही. तू सांगायचीस ना, आज्जो पावसाआधी सगळ्या वाड्याला घेऊन बांधाला चिखल थापायचा, घरटी एक माणूस, आला नाही तर त्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. आता कुळांचा संघ आहे, त्याची बैठक होते, पण माणसं येत नाहीत. मानशीचं दार मात्र नवीन बसवलंय. भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. मी लहानपणी तासन्‌तास ते बघत बसायची, यंदाही बसले. तुला गंमत वाटेल, आपल्या खाजनाला टेकून वाहणारी शापोरा म्हणजे वरची तिलारीच, आणि तिलारी तुझ्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडच्या डोंगरातून येते. म्हणजे पाणी तुझ्याकडून निघून माहेरी येतं.

आपल्या शेताच्या वरच्या अंगाला दुसऱ्यांचे चार कुणगे पडीक आहेत. त्यांत कांदळ उगवलंय, माणसाच्या उंचीचं. एकदा भरतीचं पाणी आत येऊन राहिलं की मीठ बसतं, मग कांदळ, मग तिथे नांगर फिरत नाही. त्या पडीक जागेतून खारं पाणी झिरपून आपल्या व्हडल्या कुणग्याचा कोपरा जळला आहे, पंधरा-वीस पावलं लांब. खाजनात एकट्याला शेती करता येत नाही हे मी ऐकून होते. यंदा डोळ्यांनी पाहिलं.

भात कोरगुटच, आपलं खाऱ्या मातीत तगणारं जुनं वाण. उंच, कमरेच्या वर, आणि सप्टेंबरच्या वाऱ्याने निम्मं आडवं झालेलं. दादाने हार्वेस्टरवाल्याला विचारलं होतं. भरडावरच्या शेतांत तो येतो, तासावर पैसे घेतो आणि सकाळी शिरला की दुपारी भात पोत्यात. पण आपल्या चिखलात यंत्र रुततं, आणि पडलेलं भात त्याला नीट उचलता येत नाही. म्हणून विळेच. घाटावरचे चार मजूर, दिवसाला हजार रुपये आणि दोन वेळचं जेवण, शेजारच्या दोघी, दादा रात्रपाळी करून सकाळी, वहिनी आणि मी. आये बांधावर बसून सगळ्यांवर नजर ठेवून होती.

आठ तारखेला सकाळी नारळ फोडला आणि व्हडल्या कुणग्यात उतरलो. सहाशे किलोमीटर चालून माझे पाय तयार होते, कंबर नव्हती. पहिल्या तासात पाठीतून अशी कळ गेली की मी सरळच होईना. शेजारची काकी म्हणाली, "मूठ लहान धर, घाई करू नको." ती माझ्या दुप्पट वयाची, आणि तिच्या मागे कापलेल्या भाताची ओळ अशी सरळ पडत होती की बघत राहावं. दुसऱ्या दिवशी हात बसला. डाव्या मुठीत भात धरलं की विळा स्वतःच मुळाशी जातो, ओढायचा असतो, मारायचा नसतो. कापलेलं भात भुईवर ठेवताना लोंब्या एका दिशेला राहिल्या पाहिजेत, हे बाबा मला दर वर्षी सांगायचे आणि मी दर वर्षी विसरायची. यंदा विसरले नाही. भातात दबून बसलेले बगळे आमच्या पुढेपुढे सरकत होते, आणि दुपारी उन्हात कापलेल्या भाताचा तो वास, आत्ये, तो मी कसा लिहू? तुला माहीतच आहे तो.

दहा तारखेला दुपारपर्यंत आभाळ स्वच्छ होतं. मानशीकडचो कापून झाला होता, भारे बांधायचे बाकी होते. चारला डोंगराकडून गडगडलं. परतीचा पाऊस तू विसरली नसशील. अर्ध्या तासात पाणी पोटरीपर्यंत. आम्ही काळोख पडेपर्यंत, मग बॅटरीच्या उजेडात, डोक्यावरून भारे आणले. वाड्यावरचे पाच-सहा पोरगे न बोलावता आले, त्यांतले दोन असे की ज्यांच्या घरी आता शेतच नाही. पडवी भरली, ओटा भरला, बैठकीच्या खोलीत कदेलं बाजूला करून भारे रचले. तरी तिसऱ्या भागाएवढं भात रात्रभर पाण्यात राहिलं.

दोन दिवस ऊन नव्हतं. पंखे लावले, भारे उलटसुलट केले. बारा तारखेला सकाळी मी एक लोंबी सोलली तर दाण्याच्या टोकाला पांढरा कोंब. मी रडायलाच बसले. आये आली, तिने चार दाणे दाताखाली धरून पाहिले आणि म्हणाली, "भिजलां न्हय? मगीर उकडूया." एवढंच. तिला ते इतकं सरळ दिसलं. परसात तीन दगडांची चूल मांडली, चतुर्थीचा तांब्याचा मोठा टोप काढला, ओलं भात झोडून लगेच उकडलं. दाण्याचं तोंड उकलेपर्यंत वाफ, मग निथळून चटयांवर. पुढच्या दिवशी ऊन पडलं. एवढ्या भाताचे उकडे तांदूळ झाले आणि वाया गेलं ते पसाभर. ती चूल रात्री अकरापर्यंत पेटती होती. आये आणि मी तिच्यापुढे बसलो होतो, आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा ती त्यांच्याबद्दल बोलली. ते मी तुला भेटल्यावर सांगीन.

उरलेलं भात अंगणात ताडपत्रीवर झोडलं. शेणाने सारवलेलं खळं आता करत नाहीत. तू आणि बाबा लहानपणी आडव्या बांबूला धरून पायांनी भात मळायचात, आणि बाबा मध्येच झोपी जायचे, ते आयेने वहिनीला सांगितलं. वारवायला मात्र सूपच. संध्याकाळी नदीकडून वारा सुटला की वहिनी स्टुलावर उभी राहायची आणि सूप हलवायची. फोल उडून अबोलीवर बसायचं. वहिनीचा हात त्यात फार चांगला आहे, तू बघशील तर खूष होशील.

सगळं मिळून सहा क्विंटल चाळीस किलो. बाबांच्या हाताखाली आठच्या वर जायचं. मजुरी आणि खर्च वजा जाता विकायला काही उरत नाही, पण वर्षाचे तांदूळ घरात आले. बियाण्याचं भात वेगळं काढलं आहे, लोंब्या निवडून. बाबा ते मुडीत बांधून माळ्यावर टांगायचे. गवताची मुडी बांधायला आता घरात कोणालाच येत नाही. दादाने दोनदा केली, दोनदा सुटली. सध्या ते प्लास्टिकच्या पिंपात आहे आणि आयेला त्याची चिंता लागून राहिली आहे, गवतात बी श्वास घेतं म्हणते.

धाकट्या दिवाळीला मी घरी होते, बारा वर्षांनी. पहाटे पोरांनी नरकासुर जाळला, तुळशीपुढे कारीट फोडलं, आणि मग नव्या भाताचे फोव, म्हणजे पोहे. कांडायला व्हायन आहे पण कांडणारं कोणी नाही, गिरणीतून करून आणले. तरी नवे ते नवेच. दुधातले, ताकातले, रोसातले, गूळ-खोबरं घालून, आणि बटाट्याचे तिखट. तुझ्या नावाने एक वाटी वाढून ठेवली होती, ती दादाने खाल्ली. दोन किलो फोव आंबोलीमार्गे येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवले होते, ते पोचल्याचं तू सांगितलंस. ते ताकात भिजवून बघ, दुधापेक्षा ताकात त्यांची चव खुलते.

आता ज्यासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं ते.

दादा तुला कागदावर सही मागणार आहे, किंवा एव्हाना मागितली असेल. त्याला दोष देऊ नको. रात्रपाळी करून जो माणूस विळा धरतो त्याने थकू नये असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. विकत घेणारा शेतकरीच आहे. २०२३च्या कायद्याने भातशेती शेतकरी नसलेल्याला सहसा विकता येत नाही. पण त्याच माणसाने बाजूचे दोन कुणगे याआधी घेतले, आणि त्यांत एक लोंबी पिकवलेली नाही. पाणी आत घेऊन मासे धरतात. आपले तिन्ही त्याच्याकडे गेले की पाणी थेट वाड्यापर्यंत येईल, आणि काकीचा उरलेला एक कुणगाही जाईल.

आज्जो कूळ होता. कूळ कायद्याच्या १९७६च्या दुरुस्तीने ही जमीन त्याची झाली, आणि त्याच्यामागे बाबांची आणि तुझी, समसमान. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे. तू सगळं आयुष्य म्हणत आलीस, "माझं काय आहे त्यात, मी लग्न होऊन गेले." आत्ये, अर्धं तुझं आहे. तुझ्या सहीशिवाय ते हलत नाही. इन्व्हेंतारचं, म्हणजे वारसांत वाटणीचं, काम सुरू व्हायचं आहे, तोवर कोणत्याही कागदावर सही करू नकोस, एवढंच माझं मागणं आहे.

आणि मी हे का मागते तेही सांगते. आज्जो आणि बाबा १९६१च्या आधी जन्मले म्हणून मला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, आणि तो घेताना भारताचा सोडावा लागला. आता माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते. त्यावर शेतजमीन वारशाने माझ्याकडे येऊ शकते, विकत मात्र घेता येत नाही. पुढे पैसे साठवून परत घेऊ, असं मला कधीच म्हणता येणार नाही. एकदा गेली की माझ्यापुरती कायमची गेली.

नुसतं अडवून ठेवणार नाही. मी हिशेब केला आहे. मजुरीचे आणि बांधाच्या माझ्या भागाचे पैसे दर वर्षी मे महिन्यात पाठवीन, आणि ऑक्टोबरचा महिना सुट्टी घेऊन येईन. नव्या कामावर मी हे आधीच सांगून ठेवलं. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेच्या 'गोवा धान' जाती मीठ सोसतात आणि उतारा जास्त देतात, दादा त्या लावू म्हणत होता. मला त्यात काही गैर वाटत नाही. एका कुणग्यात त्या लावाव्यात, दोनांत कोरगुट ठेवावं. मी दादाशी हे बोलले. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. निघायच्या दिवशी त्याने खचलेल्या बांधाचे फोटो काढून संघाच्या माणसाला पाठवले, ते मी पाहिलं.

गुडघा बरा झाला की मेच्या शेवटी, मिरगाच्या आधी, दादा आणि वहिनी तुला न्यायला गडहिंग्लजला येतील. वहिनीने स्वतःहून सांगितलं आहे. गवत राखून ठेवलं आहे, उंच कोरगुटचं, न मोडलेलं. मुडी कशी बांधायची ते तिला दाखव.

आणि ते तिसरं नाव. मी घरी पोचल्या पोचल्या विचारलं. दादाला माहीत नाही. आये म्हणाली, "आमी भरडाकडलो म्हणटात," पण जुनं नाव वेगळं होतं, आजी घ्यायची ते, एवढं तिला आठवतं. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून पाहिला, त्यावर तिन्ही कुणगे एकाच नावाखाली घातले आहेत. काकीलाही सांगता आलं नाही. फोनवर तुला विचारता आलं असतं, पण मला ते तुझ्या अक्षरात हवं आहे. उलट टपाली पाठव. पत्ता पाकिटाच्या मागे मराठीत आणि इथल्या लिपीत, दोन्ही लिहिला आहे, तोच कापून नव्या पाकिटावर चिकटव.

काकांना, वाड्यातल्या सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
बाय